ठसका लागत नाही, मग गिळणं ठीक आहे? घसा, आवाज आणि श्वासाबाबत या चुका टाळा

"एकदाही ठसका लागला नाही, सगळं पाणी संपवलं त्यांनी." पक्षाघातानंतर तिसऱ्या आठवड्यात नवऱ्याला घेऊन आलेल्या काकू समाधानाने सांगत होत्या. मी काकांना दोन घोट पाणी दिलं आणि म्हटलं, "आता लांब 'आ' म्हणा बरं." आवाज आला तो ओला, आत बुडबुडे फुटत असल्यासारखा. पुढे गिळण्याचा एक्स-रे व्हिडिओ काढला, तेव्हा पाणी स्वरतंतूंच्या खाली, थेट श्वासनलिकेत सरकताना दिसलं. काका मात्र शांत बसून होते. साधा खोकलाही आला नाही.

स्पीच थेरपिस्ट म्हणून मला सगळ्यात जास्त धास्ती वाटते ती या शांतपणाची. घशात अन्नाची आणि हवेची वाट एकमेकींना छेदते. गिळताना श्वास क्षणभर थांबतो, स्वरयंत्र वर उचललं जातं, स्वरतंतू घट्ट मिटतात. एवढं करूनही काही आत गेलंच, तर ठसका ते बाहेर फेकतो. पण पक्षाघात, पार्किन्सन किंवा मानेला दिलेलं रेडिएशन यांमुळे आतली संवेदनाच बोथट होऊ शकते. मग ठसका येणार कुठून? म्हणून घोटानंतर आवाज ओला होतो का, जेवण पूर्वीपेक्षा फार लांबतं का, वजन उतरतंय का, पुन्हापुन्हा ताप किंवा न्यूमोनिया होतो का, हे बघा. शंका आली तर एक्स-रे व्हिडिओ किंवा नाकातून दुर्बीण घालून तपासणी करायला हवी. नुसतं बाहेरून बघून खात्री देता येत नाही.

दुसरी चूक घट्ट पाण्याची. गिळायला त्रास असलेल्या काही पेशंटना पाणी पावडरने घट्ट करून देतात, म्हणजे ते घशात हळू सरकतं. कुणीतरी सांगतं आणि घरात अंदाजाने पावडर ढवळली जाते. सकाळी पातळ, संध्याकाळी खळीसारखं. साध्या पाण्यापासून घन अन्नापर्यंत पातळ-घट्टपणाच्या ० ते ७ अशा आंतरराष्ट्रीय पातळ्या ठरलेल्या आहेत आणि त्या घरी मोजता येतात. दट्ट्या काढलेल्या १० मिलीच्या सिरिंजमध्ये द्रव भरायचा, १० सेकंद वाहू द्यायचा. १ ते ४ मिली उरलं तर पातळी १, ४ ते ८ उरलं तर पातळी २, ८ च्या वर उरून तरीही थेंब पडत असतील तर पातळी ३. सगळ्या सिरिंज सारख्या नसतात, कोणती वापरायची ते थेरपिस्टला विचारून घ्या. आणि मनानेच घट्ट पाणी सुरू करू नका. ते नकोसं वाटतं, माणूस कमी पितो आणि शरीरातलं पाणी घटतं.

"हनुवटी छातीला टेकवून गिळा" हा सल्लाही सरसकट दिला जातो. काहींना त्याचा उपयोग होतो, काहींचं त्यानेच बिघडतं. दुसऱ्याची युक्ती आपल्या पेशंटवर वापरू नका.

तोंडाच्या स्वच्छतेबद्दल मी दरवेळी आग्रहाने बोलते. नळीने अन्न चालू असलं की "तोंडाने काही खातच नाहीत, मग दात कशाला घासायचे?" असं विचारतात. अहो, लाळ तर दिवसभर गिळली जातेच. ती फुप्फुसात उतरली तर तोंडातले जंतूही सोबत जातात. तेव्हा दात, जीभ, गालांची आतली बाजू रोज साफ करायचीच.

आवाज बसला की लोक कुजबुजायला लागतात. त्याने आराम मिळेलच असं नाही. कित्येकांचा घसा कुजबुजताना उलट जास्त आवळला जातो. हळू, सहज आवाजात मोजकं बोला. सारखं खाकरू नका, प्रत्येक खाकरण्यात स्वरतंतू एकमेकांवर आपटतात. त्याऐवजी पाण्याचा घोट घ्या. हे पाणी स्वरतंतूंना लागत नाही (लागलं तर ठसकाच बसेल!), पण गिळण्याच्या हालचालीने खाकरण्याची उबळ बऱ्याचदा जाते. घोगरेपणा ४ आठवड्यांत गेला नाही, तर गुळण्या आणि चघळायच्या गोळ्यांत वेळ घालवू नका, स्वरयंत्र तपासून घ्या. तंबाखूचं व्यसन, मानेत गाठ किंवा थुंकीत रक्त असेल तर ४ आठवडेही थांबू नका.

श्वासाच्या बाबतीत घोळ होतो तो दम्याशी. श्वास आत घेताना स्वरतंतू उघडायचे, पण काहींचे तेव्हाच मिटू लागतात आणि तो दमाच वाटतो. यात घरघर श्वास आत घेताना येते, आवळल्यासारखं छातीत नाही तर घशात वाटतं आणि इन्हेलरने फरक पडत नाही. काहींना दमाही सोबत असतो, म्हणून इन्हेलर स्वतःहून बंद करू नका.

गळ्यात ट्रॅकिओस्टॉमीची (श्वासासाठी गळ्याला छिद्र पाडून श्वासनलिकेत बसवलेली) नळी असेल तर एक गोष्ट कधीच विसरू नका: नळीभोवतीचा, श्वासनलिका बंद करणारा फुगा फुगलेला असताना बोलण्याचा व्हॉल्व्ह (हवा फक्त आत घेणारी झडप) लावायचा नाही. हवा आत जाते, पण बाहेर पडायला वाटच उरत नाही. जीवावर बेतेल.

तपासणीला येताना मोबाइलवर एका जेवणाचा किंवा श्वास अडकल्याच्या वेळेचा व्हिडिओ घेऊन या. दवाखान्यात पेशंट सावरून बसतो, बेताने गिळतो. घरी कसं होतं, ते मला त्या व्हिडिओतच दिसतं.