रनिंग बॅक व्हायचंय म्हणता?

डॅलसजवळच्या आमच्या गणपतीत महाप्रसादाच्या रांगेत दरवर्षी कुणीतरी मला बाजूला घेतं. "आमचे चिरंजीव चांगले पळतात हो. कोच म्हणतायत रनिंग बॅक खेळवू. घालू का?" रनिंग बॅक म्हणजे अमेरिकन फुटबॉलमध्ये बॉल घेऊन पळणारा गडी. मी ही जागा हायस्कूलात चार वर्षं आणि कॉलेजात अडीच वर्षं खेळलो. आता एका शाळेत पोरांना तेच शिकवतो. हातात श्रीखंडाची वाटी धरून या प्रश्नाचं धड उत्तर देता येत नाही, म्हणून हे लिहायला बसलो.

मी सांगलीहून टेक्सासला आलो तेव्हा बारा वर्षांचा होतो. कबड्डीत चढाईला जायचो, त्यामुळे मला वाटलं इथेही तेच असेल, अंगावर येणाऱ्याला हुलकावणी द्यायची आणि सुटायचं. निम्मं तसंच आहे. पण कबड्डीत तुम्ही मोकळी जागा बघून शिरता, इथे जागा मोकळी व्हायच्या आधीच पळायला सुरुवात करावी लागते. आपले वाट करून देणारे पाच लाइनमन समोरच्या धिप्पाड गड्यांना कुठे रेटणार, त्यावर फट कुठे पडणार हे ठरतं. लवकर पोचलात तर आपल्याच माणसाच्या पाठीवर आपटता, उशीर झाला तर फट मिटलेली असते. माझे पहिले दोन महिने पाठी मोजण्यात गेले.

मग बॉल. खेळी चालवणारा क्वार्टरबॅक बॉल हातात देतो त्याला हँडऑफ म्हणतात. त्याच्या बाजूचं कोपर वर, दुसरा हात पोटाशी खाली आडवा, असा खिसा करायचा. बॉल आपण पकडायला जायचं नाही, तो खिशात येतो. नजर समोर. एकदा आला की टोकावर बोटं, वर मनगटापासून कोपरापर्यंतचा हात, मागचं टोक काखेकडे दाबलेलं, आणि सगळं बरगडीला चिकटून. पहिल्याच सामन्यात माझ्या हातून बॉल निसटला. कोचनी शिक्षा दिली: आठवडाभर शाळेत बॉल घेऊन हिंडायचं, वर्गात, जेवताना, सगळीकडे. आणि कुणीही येऊन तो पाडायचा प्रयत्न करावा, सगळ्यांना मुभा. फोनवर आजीला सांगितलं तर म्हणाली, "नारळ कवटाळून हिंडतोस होय रे दिवसभर?" पण बॉल पाडणाऱ्याला कोच दुसऱ्यांदा बॉल देत नाहीत, ही या जागेची पहिली अट.

दुसरी अट कुणाला टीव्हीवर दिसत नाही. क्वार्टरबॅक पास टाकणार असला की रनिंग बॅक पहारेकरी होतो. समोरून जादा माणूस घुसला तर त्याला अडवायचं, तो आपल्याहून वीस किलोनी जड असला तरी. दहावीत मी एकदा चुकीच्या बाजूला बघत राहिलो. आमचा क्वार्टरबॅक मागून असा आदळला की उठायला वेळ लागला. दुसऱ्या दिवशी कोचनी त्या खेळीचा व्हिडिओ तीनदा लावला आणि एक शब्द बोलले नाहीत. पुढचे दोन सामने मी बाकावर. माझ्याहून हळू पळणारा एक पोरगा माझ्या जागी खेळला, कारण तो बरोबर बाजूला बघायचा.

आता मूळ मुद्द्यावर येतो. या जागेवर पाय किती धावा देणार हे जणू आधीच ठरलेलं असतं, आणि पैसे येईपर्यंत त्यातल्या बऱ्याच खर्च होतात. हिशेब करा. हायस्कूल संपल्यावर तीन वर्षं झाल्याशिवाय एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये जाता येत नाही. म्हणजे एकवीस-बावीस वय. ड्राफ्टमध्ये (तिथे संघ पाळीपाळीनं नवे खेळाडू निवडतात) निवड झाली तर पहिला करार चार वर्षांचा, आणि २०११ पासून त्याची रक्कम बहुतांशी तुम्ही कितव्या क्रमांकावर निवडले गेलात यावरच ठरते. पुढे खरी बोली लागायची वेळ येते तेव्हा सव्वीस झालेले असतात, आणि रनिंग बॅक सव्वीसला थकलेला समजला जातो. वर संघाकडे फ्रँचायझी टॅग असतो, म्हणजे आणखी एक वर्ष थांबवून ठेवायचा अधिकार. २०१८ मध्ये लेव्हियन बेल या रनिंग बॅकने टॅगखाली खेळायला नकार देऊन अख्खा मोसम घरी काढला. २०१३ आणि २०१४ च्या ड्राफ्टमध्ये तर पहिल्या फेरीत एकही रनिंग बॅक निवडला गेला नाही.

आमच्या डॅलसचंच उदाहरण घ्या. २०१४ मध्ये इथल्या काउबॉइज संघानं डिमार्को मरेला ३९२ वेळा पळवलं. १,८४५ यार्ड, लीगमध्ये पहिला. पुढच्या वर्षी तो दुसऱ्या संघात, ७०२ यार्ड. याच शहराचा एमिट स्मिथ पंधरा मोसम टिकला आणि १८,३५५ यार्डांचा विक्रम करून गेला हे खरंय. पण पालक मला नेहमी एमिट स्मिथच सांगतात, मरे कुणी सांगत नाही.

सेक्वॉन बार्कली या रनिंग बॅकची गोष्ट मधली आहे. २०१८ ला दुसऱ्या क्रमांकावर निवड, २०२० मध्ये गुडघा गेला, २०२३ मध्ये टॅग. मग २०२४ मध्ये ईगल्स संघाकडे गेला, २,००५ यार्ड पळाला आणि आपल्या अठ्ठाविसाव्या वाढदिवशी सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकला. त्यानंतर दोन वर्षांची ४ कोटी १२ लाख डॉलरची करारवाढ मिळाली. लाइनमन चांगले मिळाले हेही त्यात आलंच, तो स्वतःही त्यांचं श्रेय त्यांना देतो.

माझं सांगायचं तर मी डिव्हिजन थ्रीत, म्हणजे कॉलेज खेळाच्या तिसऱ्या स्तरावर, खेळलो. तिथे खेळासाठी शिष्यवृत्ती नसतेच, फी बाबांनी भरली. तिसऱ्या मोसमाच्या मध्यात, कुणाचा धक्काही न लागता, नुसता पाय वळवताना गुडघ्यातला एसीएल हा अस्थिबंध तुटला. त्याचं फार दुःख नाही. दुःख अकरावीतल्या एका गोष्टीचं आहे. डोकं जमिनीवर आपटलं, मी कुणाला सांगितलं नाही, कारण पुढचा सामना मोठा होता. सोमवारी गणिताच्या तासाला फळ्यावरचे आकडे पोहायला लागले. आता टेक्सासमध्ये मेंदूला धक्का बसल्याची नुसती शंका आली तरी त्या दिवशी खेळाडू परत मैदानात जात नाही, आणि नंतरही डॉक्टरांच्या लेखी परवानगीशिवाय नाही. पण पोरगा लपवेल तर नियम काय करणार? म्हणून घरी गेल्यावर गुण विचारण्याआधी डोकं विचारा.

लहान मुलांना आधी फ्लॅग फुटबॉल खेळवा असं मी सांगतो. त्यात टॅकल, म्हणजे अंगावर जाऊन पाडणं, नाही; कमरेची पट्टी ओढली की धाव संपली. वाट बघणं, फट ओळखणं, बॉल घेणं, सगळं त्यात शिकता येतं. २०२८ च्या लॉस एंजलिस ऑलिंपिकमध्येही तो आहे, तेव्हा कमी लेखू नका.

यंदा आमच्या संघात एक नववीतला पोरगा आहे, माझ्याहून कितीतरी चांगला. सामन्यात त्याच्या हातात बॉल गेला की मी माझ्या मनगटाच्या चिकटपट्टीवर पेनानं एक रेघ मारतो. पंधरा रेघा झाल्या की दुसऱ्याला आत पाठवतो. मागच्या शुक्रवारी चौदावी रेघ मारत होतो, आणि स्टँडमधून त्याचे बाबा मला मराठीत ओरडून सांगत होते, "दादा, अजून द्या की त्याला!"