मुलांची डोपिंग चाचणी रास्त व्हावी म्हणून घरच्यांनी काय करायचं

ठाण्यात पाचपाखाडीला माझं मेडिकल आहे. संध्याकाळी सातनंतर दादोजी कोंडदेव स्टेडियमवरून सराव संपवून मुलं येतात, अंगाला घाम, खांद्याला बॅग. जुलैत त्यातली निम्मी खोकत असतात. "काकू, कफ सिरप द्या ना." मी बाटली काढते, पण हातात देण्याआधी विचारते, "खेळतोस कुठे? जिल्हा की राज्य?" आपल्याकडे सर्रास खपणाऱ्या कितीतरी कफ सिरपच्या लेबलवर बारीक अक्षरांत 'टर्ब्युटालिन' लिहिलेलं असतं आणि ते 'वाडा' या जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या बंदी यादीत आहे. विरारच्या पृथ्वी शॉला २०१९ मध्ये याच टर्ब्युटालिनमुळे आठ महिन्यांची बंदी भोगावी लागली. खोकल्यासाठी नकळत घेतलं, हे त्याचं म्हणणं बीसीसीआयने मान्य केलं, तरी बंदी टळली नाही.

नियमच तसा आहे. शरीरात जे सापडेल त्याला खेळाडू जबाबदार. कोणी दिलं, का घेतलं, हे प्रश्न नंतर येतात आणि त्यांची उत्तरं पुराव्यासह खेळाडूनेच द्यायची असतात. नरसिंग यादव तीन वेळचा महाराष्ट्र केसरी. २०१६ मध्ये 'माझ्या खाण्यात कोणीतरी मिसळलं' हे त्याचं म्हणणं 'नाडा'च्या, म्हणजे भारताच्या उत्तेजकविरोधी संस्थेच्या, समितीने मान्य केलं, पण रिओ ऑलिंपिकच्या वेळी क्रीडा लवादाने फेटाळलं आणि चार वर्षांची बंदी घातली. हा नियम कठोर आहे, पण तो नसता तर प्रत्येक लबाड माणूस 'कोणीतरी मिसळलं' म्हणून सुटला असता. म्हणून मी पालकांना सांगते, नियमाशी भांडू नका. पुरावा आधीपासून जमवा.

माझी मुलगी आठशे मीटर धावते. घोडबंदर रोडच्या धुळीने लहानपणापासून दमा, त्यामुळे सालब्युटामॉलचा पंप कायम बॅगेत. पंपाला परवानगी आहे, पण मोजून: २४ तासांत १६०० मायक्रोग्रॅम आणि कुठल्याही आठ तासांत ६०० पेक्षा जास्त नाही. आपल्याकडच्या नेहमीच्या पंपात एका पफला १०० मायक्रोग्रॅम असतात. म्हणजे आठ तासांत सहा पफ, सातवा नाही. तेच औषध गोळीत किंवा सिरपमध्ये घेतलं तर ते बंदीत. नेब्युलायझरच्या एका छोट्या कुपीत २.५ मिलिग्रॅम असतं, म्हणजे २५०० मायक्रोग्रॅम. एकाच वाफेत मर्यादा ओलांडली. याचा अर्थ दम लागलेल्या मुलीला वाफ द्यायची नाही असा नाही. आधी जीव. वाफ द्या, डॉक्टरांकडून वेळ आणि मात्रा लिहून घ्या आणि लगेच टीयूईसाठी, म्हणजे उपचारासाठीच्या सवलतीसाठी, अर्ज करा. नेहमीचं औषध असेल तर हा अर्ज स्पर्धेच्या किमान ३० दिवस आधी गेला पाहिजे.

घरात एक वही ठेवा. तारीख, औषधाचं मूळ नाव, बॅच नंबर, डॉक्टर, किती घेतलं. बिलाचा आणि पट्टीच्या मागच्या बाजूचा फोटो काढून स्वतःलाच व्हॉट्सॲपवर पाठवा. डॉक्टरांकडे गेल्यावर पहिलं वाक्य हेच, "हिची डोपिंग चाचणी होऊ शकते." गुडघ्यात देतात ते स्टिरॉइडचं इंजेक्शन स्पर्धेच्या काळात चालत नाही आणि हा काळ आदल्या रात्री ११.५९ ला सुरू होतो. ट्रामाडॉल ही वेदनाशामक गोळी २०२४ पासून स्पर्धेच्या काळात बंद झाली. त्याआधी चालत होती. यादी दर १ जानेवारीला बदलते, म्हणून मागच्या वर्षीच्या माहितीवर जाऊ नका. नाडाचं 'नो युवर मेडिसिन' ॲप आहे, त्यात औषधाचं नाव टाकून बघता येतं. बघितल्यावर स्क्रीनशॉट तारखेसह जपून ठेवा.

प्रोटीनचे डबे आणि सुटी चूर्णं यांबद्दल माझं मत स्पष्ट आहे: नको. लेबलवर नसलेलं काय आत असेल ते दुकानदारालाही माहीत नसतं. तरीही घ्यायचंच ठरलं, तर त्याच बॅचचा एक न उघडलेला डबा बिलासकट बाजूला ठेवा. उद्या भेसळ सिद्ध करायची वेळ आली तर उघडलेल्या डब्याला कोणी विचारत नाही.

आता चाचणीची खोली. मुलीची पहिली चाचणी बाहेरगावी एका राष्ट्रीय ज्युनियर स्पर्धेत झाली, तेव्हा ती १६ वर्षांची होती. शर्यत संपताच एक बाई तिच्या बाजूला येऊन उभी राहिली आणि फॉर्मवर सही घेऊन खोलीत घेऊन गेली. संघाचे मॅनेजर हॉटेलवर निघून गेले होते. अठराच्या आतल्या खेळाडूला ओळखीचं मोठं माणूस सोबत ठेवता येतं, हे तिला कोणी सांगितलं नाही. लघवी होईना म्हणून तिने भराभर तीन बाटल्या पाणी प्यायलं. नमुना इतका पातळ आला की चालला नाही. पुन्हा थांबा, पुन्हा द्या. रात्रीचे साडेनऊ वाजले. दमलेल्या अधिकारी बाई म्हणाल्या, "तू सही कर, बाकीचं मी भरते." तिने केली. रात्री फोनवर रडत म्हणाली, "आई, मी पंपाचं लिहिलंच नाही गं." पुढे काही आलं नाही, पण ते दोन महिने पोस्टमन दिसला की माझ्या पोटात गोळा यायचा.

तेव्हापासून मी ओळखीच्या प्रत्येक मुलीला ही खोली आधीच सांगून ठेवते, म्हणजे ती तिथे बावरणार नाही. नमुना देताना एक स्त्री अधिकारी समोर उभी असते आणि लघवी भांड्यात पडताना तिला थेट दिसली पाहिजे. बाह्या कोपरापर्यंत वर घ्याव्या लागतात. मुलींना हे फार अवघड जातं, म्हणून घरीच मोकळेपणाने बोला. पाळी चालू असेल तर तसं सांगायचं, लाजायचं नाही. तुम्ही सोबत असाल तर दाराशी थांबून अधिकाऱ्यावर लक्ष ठेवू शकता. मुलीने स्वतः सांगितल्याशिवाय तिच्याकडे मात्र बघायचं नाही.

सीलबंद पाणी स्वतः निवडून, स्वतः उघडून घोट घोट प्यायचं. घाई केली की नमुना पातळ होतो आणि थांबणं वाढतं. पदक घ्यायचं असेल, पुढची शर्यत असेल किंवा सोबतचं माणूस शोधायचं असेल, तर वेळ मागता येतो. फक्त चाचणीसाठी न्यायला आलेल्या बाईच्या नजरेआड जायचं नाही. भांडं आणि किट तुम्हीच निवडायचं. सील अखंड आहे का, बाटल्यांवरचे आणि खोक्यावरचे नंबर एकच आहेत का, ते बघायचं. किमान ९० मिलिलिटर लागतं. आधी बी बाटलीत ३०, मग ए बाटलीत ६०. ओतायचं खेळाडूने, झाकण लावायचं खेळाडूने. मग फॉर्म. गेल्या सात दिवसांतलं प्रत्येक औषध, पंपाचे पफ, व्हिटॅमिनची गोळीसुद्धा लिहायची. शेवटी शेऱ्यांसाठी जागा असते. ती जागा हा तुमचा एकमेव साक्षीदार. किट ठीक वाटलं नाही, कोणी घाई केली, सोबत कोणी नव्हतं, जे खटकलं ते तिथे मराठीत लिहिलं तरी चालेल, पण सहीच्या आधी लिहा.

कितीही राग आला तरी नमुना नाकारू नका. मुदत संपलेल्या किटबद्दल उत्तर मिळाल्याशिवाय नमुना देणार नाही, अशी बजरंग पुनियाची भूमिका होती. नोव्हेंबर २०२४ मध्ये त्याला चार वर्षांची बंदी सुनावली गेली. नमुना द्या आणि तक्रार शेऱ्यात लिहा.

नमुन्यात काही सापडल्याचं पत्र आलंच, तर त्यातल्या मुदती आधी लाल पेनाने खुणा करा. बी नमुना, म्हणजे फेरतपासणीसाठी राखलेली बी बाटली, उघडायची मागणी करण्याचा आणि उघडताना हजर राहण्याचा हक्क असतो. नंतर शिस्तपालन समितीपुढे सुनावणी आणि तिच्यावर अपील. इथे मात्र मला मनापासून वाईट वाटतं. टेनिसपटू यानिक सिन्नरच्या नमुन्यात २०२४ मध्ये क्लोस्टेबॉल हे बंदी असलेलं स्टिरॉइड सापडलं. ते असलेला स्प्रे कोणी आणला, कोणाच्या हातातून त्याच्या अंगाला लागला, हे त्याची माणसं आणि वकील दाखवू शकले आणि प्रकरण तीन महिन्यांच्या बंदीवर मिटलं. तो खोटं बोलला असं मला म्हणायचं नाही. पण कळव्याच्या चाळीतल्या कबड्डीपटूला तसा वकील कुठून मिळणार? त्याच्याजवळ फक्त वही आणि बिलं असतील. म्हणूनच ती असलीच पाहिजेत.

तरी चाचण्याच नकोत असं मी कधी म्हणणार नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये दिल्लीच्या राज्य स्पर्धेत नाडाचे लोक आल्याचं कळताच शंभर मीटरच्या अंतिम फेरीला एकच धावपटू उभा राहिला. माझी मुलगी पाचवी येते तेव्हा मला त्या रिकाम्या लेन आठवतात.

गेल्या वर्षी तिची दुसरी चाचणी झाली. आता ती अठरा पार आहे, तरी मला आत बोलावून घेतलं. बाटलीवरचा नंबर तिने एकेक आकडा मोठ्याने वाचला आणि मी फॉर्मवर बोट ठेवून ताडला. अधिकारी पुढचा कागद सरकवत होते. ती म्हणाली, "एक मिनिट सर, शेवटचे दोन आकडे परत वाचते." त्यांनी हात मागे घेतला आणि थांबले. फॉर्मची प्रत घरी रेशनकार्डाच्या फाइलमध्ये ठेवली आहे. नमुन्याची फेरतपासणी दहा वर्षांपर्यंत होऊ शकते, तोवर ती तिथून हलणार नाही.