एएफसी भारी की एनएफसी? गुणतक्त्यावरून ठरवायचं कसं

अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल या लीगचा हंगाम रंगात आला की तिच्या दोन भागांपैकी भारी कोणता, एएफसी की एनएफसी, हा वाद हमखास निघतो. एक जण क्वार्टरबॅकांची, म्हणजे संघाचं आक्रमण चालवणाऱ्या मुख्य खेळाडूंची, नावं घेत म्हणतो, "महोम्स एएफसीत, जॉश ॲलन एएफसीत, लमार जॅक्सन एएफसीत, जो बरो एएफसीत, मग विचारायचं काय राहिलं?" दुसरा सुपर बोलच्या, म्हणजे दोन्ही भागांच्या विजेत्यांतल्या अंतिम सामन्याच्या, निकालांची यादी काढून बसतो. दोघांचंही म्हणणं ऐकायला बरं वाटतं, पण त्यातून उत्तर निघत नाही. उत्तर गुणतक्त्यात असतं आणि ते काढायला एक बेरीज आणि एक वजाबाकी पुरते.

आधी मांडणी समजून घ्या. एनएफएलमध्ये ३२ संघ, त्यांचे दोन भाग, म्हणजे कॉन्फरन्स: एएफसी आणि एनएफसी. प्रत्येकात १६ संघ, चार-चारच्या चार डिव्हिजन. हे भाग भूगोलावरून पडलेले नाहीत. न्यू जर्सीत राहणाऱ्या मराठी मंडळींना हे वेगळं सांगायला नको, कारण एकाच मैदानावर जायंट्स खेळतात ते एनएफसीचे आणि जेट्स खेळतात ते एएफसीचे. मुळात १९६० साली एएफएल नावाची प्रतिस्पर्धी लीग निघाली, १९६६ मध्ये विलीनीकरणाचा करार झाला आणि १९७० पासून दोन्ही मिळून एक लीग झाली. एएफएलचे संघ एएफसीत गेले. जुन्या एनएफएलमधले स्टीलर्स, ब्राउन्स आणि कोल्ट्स संख्या जुळवण्यासाठी पलीकडे गेले, म्हणून ते आज एएफसीत दिसतात.

आधी प्रश्न नक्की करा

"भारी" म्हणजे काय, हे दोघांनी आधी ठरवून घ्यावं. सगळ्यात चांगला संघ कुणाकडे आहे, हा एक प्रश्न. पहिल्या पाच-सहांत कुणाचे संघ जास्त, हा दुसरा. आणि सोळाच्या सोळा धरून सरासरी ताकद कुणाची जास्त, हा तिसरा. भांडणं होतात ती बहुतेक एकाने पहिल्याचं उत्तर दिलं आणि दुसऱ्याने तिसऱ्याचं ऐकलं म्हणून. "कॉन्फरन्स भारी" असं म्हणायचं असेल तर तिसराच प्रश्न खरा. पुढचा हिशेब त्याचाच आहे.

आपसातले सामने बाजूला काढा

एएफसीचे दोन संघ एकमेकांशी खेळले की एक जिंकतो, एक हरतो. कॉन्फरन्सच्या खात्यात एक विजय, एक पराभव, बाकी शून्य. असे कितीही सामने झाले तरी एनएफसीशी तुलना करायला त्यांचा उपयोग नाही. "ती डिव्हिजन फार कठीण, तिथले संघ एकमेकांना हरवतात" हे वाक्य म्हणूनच पोकळ आहे. चार कमकुवत संघसुद्धा एकमेकांना हरवतातच.

२०२१ पासून प्रत्येक संघ नियमित हंगामात १७ सामने खेळतो. त्यातले १२ आपल्याच कॉन्फरन्समध्ये आणि ५ पलीकडच्यांशी. म्हणजे पूर्ण हंगामाच्या २७२ सामन्यांपैकी फक्त ८० सामने आपल्या कामाचे. उरलेले १९२ मजेत बघा, पण या वादात आणू नका.

बेरीज करा, ९६ वजा करा

ते ८० सामने एकेक शोधत बसायची गरज नाही. १६ संघ, प्रत्येकाचे १२ अंतर्गत सामने, म्हणजे एका कॉन्फरन्समध्ये ९६ अंतर्गत सामने. त्यातून विजय ९६ च निघणार, कोणीही जिंको. म्हणून कॉन्फरन्सच्या सोळा संघांच्या विजयांची बेरीज करायची आणि त्यातून ९६ वजा करायचे. जे उरेल ते पलीकडच्यांवर मिळवलेले विजय. बरोबरीचा सामना असेल तर दोन्हीकडे अर्धा विजय धरा.

२००४ चा हंगाम घेऊ. एएफसी ईस्टमध्ये पेट्रियट्स १४, जेट्स १०, बिल्स ९, डॉल्फिन्स ४; झाले ३७. नॉर्थमध्ये स्टीलर्स १५, रेव्हन्स ९, बेंगल्स ८, ब्राउन्स ४, ३६. साउथमध्ये कोल्ट्स १२, जॅग्वार्स ९, टेक्सन्स ७, टायटन्स ५, ३३. वेस्टमध्ये चार्जर्स १२, ब्रॉन्कोज १०, चीफ्स ७, रेडर्स ५, ३४. एकूण १४०. वजा ९६, उरले ४४. त्या काळी हंगाम १६ सामन्यांचा होता, पलीकडच्यांशी फक्त चार सामने असत, म्हणजे एकूण ६४. त्यातले ४४ एएफसीने जिंकले, २० हरले.

ताळा पाहायचा तर एनएफसीची बेरीजही करा. ती ११६ येते. ९६ वजा जाता २०. जुळलं.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. हा ९६ चा आकडा २००२ पासूनच चालतो, कारण ३२ संघ आणि आजची मांडणी तेव्हापासूनची. आणि २०२२ च्या हंगामात एएफसीसाठी ९५ वजा करायचे: बिल्स आणि बेंगल्स यांचा सामना डमार हॅम्लिन मैदानावर कोसळल्यावर थांबवला गेला आणि पुढे रद्द झाला. दोन्ही संघ एएफसीचे, त्यामुळे एक अंतर्गत विजय कमी.

फरक खरा की नशिबाचा, हे तपासा

समजा दोन्ही बाजू अगदी तुल्यबळ आहेत. तरी ८० सामन्यांत बरोबर ४०-४० असा निकाल क्वचितच लागेल. नाणं ८० वेळा उडवलं तर शंभरातल्या साधारण पंचाण्णव खेपांना छापा ३१ ते ४९ च्या दरम्यान येतो. म्हणजे ४४-३६ असा निकाल पाहून कुणी मिशीला पीळ देत असेल तर देऊ द्या, त्यातून काही सिद्ध होत नाही. जुन्या ६४ सामन्यांच्या हंगामासाठी ही मर्यादा साधारण २४ ते ४०. २००४ चे ४४ त्याच्या बाहेर आहेत. त्या वर्षी एएफसी खरोखरच भारी होती आणि ते नुसत्या डोळ्यांनाही दिसत होतं: तिकडे बिल्स, रेव्हन्स आणि जॅग्वार्स ९-७ (९ विजय, ७ पराभव) असूनही प्लेऑफबाहेर, म्हणजे हंगामानंतरच्या बाद फेरीबाहेर, राहिले, इकडे एनएफसीत रॅम्स आणि व्हायकिंग्स ८-८ वर आत गेले.

जोड्या फोडून पाहा

इथे बहुतेक जण कंटाळतात, आणि खरी गंमत इथेच आहे. पलीकडच्यांशी होणारे सामने सरमिसळ नसतात. दर वर्षी एएफसीच्या एका डिव्हिजनची एनएफसीच्या एका डिव्हिजनशी जोडी लागते. चारही संघ समोरच्या चारही संघांशी खेळतात आणि ही जोडी चार वर्षांनी फिरून येते. पाचवा सामना वेगळा: आधीच्या हंगामात आपापल्या डिव्हिजनमध्ये ज्या क्रमांकावर होते, त्या क्रमांकाचे संघ भेटतात.

आता २०२४ घ्या. एएफसीची बेरीज: ईस्ट ३०, नॉर्थ ३४, साउथ २५, वेस्ट ४०. एकूण १२९, वजा ९६, उरले ३३. एनएफसीचे १४३, म्हणजे ४७. निकाल ४७-३३ एनएफसीच्या बाजूने. ज्या वर्षी एमव्हीपी, म्हणजे हंगामाचा सर्वोत्तम खेळाडू, ॲलन झाला आणि एएफसीच्या क्वार्टरबॅकांचे गोडवे गाऊन सगळे थकले, त्या वर्षी!

पण थांबा. त्या वर्षी एनएफसी नॉर्थची जोडी एएफसी साउथशी होती. लायन्स, पॅकर्स आणि व्हायकिंग्स या तिघांनी साउथच्या चौघांनाही हरवलं, बेअर्स २-२ राहिले. एकूण १४-२. ही एक जोडी बाजूला ठेवली तर उरलेल्या ६४ सामन्यांचा निकाल ३३-३१ उरतो. म्हणजे "एनएफसी भारी होती" हे वाक्य पुरतं खरं नाही. एनएफसी नॉर्थ भारी होती, एएफसी साउथ ढिली होती, आणि वेळापत्रकाने त्या दोघींची नेमकी त्याच वर्षी गाठ घालून दिली. बाकी दोन्ही बाजू जवळपास सारख्याच.

माझ्या मते हीच पायरी सगळ्यात मोलाची. नुसता एकूण आकडा सांगून मोकळं होणाऱ्याला फक्त एवढं विचारा: कुणाची जोडी कुणाशी होती?

घरचं मैदान, विश्रांती आणि गुण

पाचव्या सामन्यात एक वाकडेपणा आहे. एका वर्षी ते सोळाही सामने एएफसीच्या यजमानपदाखाली होतात, पुढच्या वर्षी एनएफसीच्या. विषम वर्षी एएफसी यजमान, सम वर्षी एनएफसी. त्यामुळे ८० पैकी ४८ सामने एका बाजूच्या घरी आणि ३२ दुसऱ्या. ऐकायला मोठा अन्याय वाटतो. पण यजमान साधारण ५५ टक्के सामने जिंकतात असं धरून गणित मांडलं तर फायदा झालेल्या बाजूचे अपेक्षित विजय ४० ऐवजी ४०.८ होतात. एक सामनासुद्धा नाही. सोडून द्या.

शेवटच्या आठवड्यात मुख्य खेळाडूंना विश्रांती देण्याची तक्रारही अशीच. २००४ मध्ये ती खरी होती: ईगल्सचं एनएफसीतलं पहिलं स्थान पक्कं झालं होतं, त्यांनी मुख्य खेळाडू बाहेर बसवले आणि शेवटच्या सामन्यात बेंगल्सकडून ३८-१० असा मार खाल्ला. एएफसीच्या ४४ मधला हा एक विजय फुकटचा म्हणा हवं तर. ४३ धरले तरी निष्कर्ष तोच राहतो. २०१० पासून शेवटच्या आठवड्यात सगळे सामने डिव्हिजनअंतर्गतच ठेवतात, त्यामुळे आता त्या विश्रांतीचा या हिशेबाशी संबंधच उरलेला नाही.

गुणांचा फरक, म्हणजे केलेले गुण वजा दिलेले गुण, मात्र जरूर पाहा, कारण विजयांच्या आकड्यांत बरंच काही लपतं. २०२४ मध्ये चीफ्स आणि लायन्स दोघेही १५-२. चीफ्सचा हंगामभराचा गुणफरक अधिक ५९, लायन्सचा अधिक २२२. एकाच रकान्यात शेजारी बसलेले हे दोन संघ एका पंक्तीचे नव्हते. कॉन्फरन्ससाठीही तीच युक्ती चालते: सोळा संघांच्या गुणफरकाची बेरीज करा, अंतर्गत सामन्यांचे अधिक-उणे आपोआप कटतात आणि पलीकडच्यांशी झालेल्या सामन्यांचा फरक तेवढा उरतो. इथे वजाबाकीसुद्धा नाही. फक्त एकतर्फी सामन्यांपासून सावध राहा. लायन्सने त्याच वर्षी जॅग्वार्सना ५२-६ आणि टायटन्सना ५२-१४ असं धुतलं; या दोनच सामन्यांतून एनएफसीच्या खात्यात ८४ गुण गेले. मी अशा सामन्यांचा फरक २१ वर थांबवतो. हा आकडा काही नियमात लिहिलेला नाही, तीन टचडाऊनच्या (साधारण सात-सात गुणांच्या) आघाडीनंतर सामना संपल्यात जमा असतो म्हणून.

सुपर बोलला किती वजन द्यायचं?

फार कमी. भारतात सोमवारी पहाटे पाच वाजता उठून बघावा इतका तो सामना मोलाचा आहे, पण तिथे प्रत्येक बाजूचा एकच संघ उतरतो. २००४ च्या हंगामातला सुपर बोल पेट्रियट्सनी ईगल्सविरुद्ध जिंकला तो २४-२१ असा. नुसता हा निकाल पाहणाऱ्याला दोन्ही कॉन्फरन्स जवळपास सारख्याच वाटल्या असत्या. ४४-२० ची दरी त्यात कुठेच दिसत नाही. तीनच वर्षांनी हंगामभर १६-० राहिलेले पेट्रियट्स सुपर बोलमध्ये जायंट्सकडून १७-१४ असे हरले, आणि जायंट्स नियमित हंगामात १०-६ होते.

सलग विजयांची मालिका दाखवणाऱ्यांनाही एक प्रश्न विचारा. जानेवारी १९८५ ते जानेवारी १९९७ असे १३ सुपर बोल एनएफसीने ओळीने जिंकले. आकडा जबरदस्त आहे यात वाद नाही. पण ते जिंकले कुणी? फोर्टी नाइनर्सनी ४, काउबॉइजनी ३, वॉशिंग्टन आणि जायंट्सनी प्रत्येकी २, बेअर्स आणि पॅकर्सनी एकेक. सहा संघ. एनएफसीच्या उरलेल्या संघांना त्या मिरवणुकीत जागा नव्हती. पलीकडे एएफसीच्या बाजूने एकटे बिल्स त्यातले सलग चार हरले.

एएफसीची मालिका तर आणखी अरुंद. २००३ ते २०१८ या १६ हंगामांत एएफसीकडून सुपर बोलमध्ये उतरलेले क्वार्टरबॅक मोजा: टॉम ब्रेडी, पेटन मॅनिंग, बेन रॉथलिसबर्गर. मधे एकदाच, २०१२ मध्ये, जो फ्लॅको. त्या १६ पैकी १० सुपर बोल एएफसीने जिंकले, म्हणजे मुख्यतः तीन माणसांनी कॉन्फरन्सची पत राखली. पहिल्या प्रश्नाचं हे उत्तम उत्तर आहे. तिसऱ्याचं नाही.

किती हंगाम धरायचे?

एका हंगामावर बोलायचं तर ३१ ते ४९ ची मर्यादा पाळा. त्याच्या आत निकाल असेल तर "सांगता येत नाही" हेच प्रामाणिक उत्तर. चार हंगाम एकत्र केले तर दोन फायदे होतात: सामने ३२० होतात, आणि प्रत्येक डिव्हिजनची पलीकडच्या प्रत्येक डिव्हिजनशी एकदा तरी जोडी लागून जाते, त्यामुळे २०२४ सारखी एकच जोडी सगळा निकाल फिरवू शकत नाही. घरच्या मैदानाचा तो ०.८ सुद्धा दोन वर्षं इकडे, दोन वर्षं तिकडे जाऊन फिटतो. तुल्यबळ बाजूंसाठी चार वर्षांची मर्यादा साधारण १४२ ते १७८. कुणी १७८ च्या वर गेलं तर खुशाल त्या बाजूने बोला. चारपेक्षा जास्त हंगाम मात्र जोडू नका. खेळाडू बदलतात, प्रशिक्षक बदलतात, आणि आपण भलत्याच संघांची तुलना करत बसतो.