जुनी ट्रॅव्हलर हाती आली तर

माझ्या हाती आलेली पहिली गाडी 14 वर्षं जुनी ट्रॅव्हलर, म्हणजे प्रवासी नेणारी मोठी व्हॅन, होती. इंदूरच्या राजेंद्रनगरात राहणाऱ्या मामांची. रविवारी ओंकारेश्वर, श्रावणात उज्जैन, एरवी लग्नाची वऱ्हाडं. मामा म्हणाले, "स्टिअरिंग नंतर. आधी महिनाभर गाडीखाली झोप." या धंद्यात नव्यानं उतरणाऱ्या प्रत्येकानं तो महिना काढावा असं मला मनापासून वाटतं.

बजाज टेम्पोनं, म्हणजे आजच्या फोर्स मोटर्सनं, 1987 साली मर्सिडीजच्या टी-1 व्हॅनवरून ही गाडी आणली. ती बनतेही आपल्या शेजारी, पीथमपूरला. जुन्या गाड्यांतलं डिझेल इंजिन मर्सिडीजच्याच ओएम 616 च्या वंशातलं: यांत्रिक पंप, इंजिनात डिझेल फवारणारे नोझल, थंडीत इंजिन पेटायला आतून तापवणारे हीटर प्लग. कॉम्प्युटर लावायची गरज नाही. चालू होईना तर आधी इतकंच बघा: सेल्फ, म्हणजे इंजिन फिरवून चालू करणारी मोटर, जोरात फिरतोय का, आणि डिझेल पोचतंय का.

दुसरी गोष्ट मी इंदूर-ओंकारेश्वर रस्त्यावरच्या भेरूघाटात शिकलो. ओंकारेश्वरहून परतताना चढावर गाडी झटके खाऊ लागली आणि बंद पडली. आत 12 माणसं, त्यांत दोन आजीबाई. मला वाटलं पंप गेला, आणि मी दिसेल तो नट सैल करायला लागलो. मामांना फोन लावला तर ते म्हणाले, "आधी हात काढ. काल काय उघडलं होतंस?" काल फीड पंपाच्या, म्हणजे टाकीतून डिझेल ओढणाऱ्या छोट्या पंपाच्या, आधीचा डिझेल फिल्टर बदलला होता. त्याचा वॉशर नीट बसला नव्हता, तिथून हवा आत शिरत होती.

हे नीट समजून घ्या. टाकीपासून फीड पंपापर्यंतचं डिझेल ओढलं जातं, ढकललं जात नाही. त्यामुळे त्या भागातला पाईप चिरला किंवा क्लिप ढिली झाली, तर डिझेल गळताना दिसेलच असं नाही. उलट हवा आत शिरते. गाडीखाली जमीन कोरडी आहे म्हणून लाईन ठीक, असं कधीच समजू नका. हवा काढायला मुख्य फिल्टरवरचा बोल्ट थोडा सैल करायचा आणि डिझेल लाईनवरचा छोटा हातपंप मारत राहायचं. आधी फेस येतो. बुडबुडे थांबून अखंड धार आली की पंप मारता मारताच बोल्ट आवळायचा. तरीही चालू झाली नाही, तर नोझलच्या पाईपांचे नट सैल करून सेल्फ मारावा लागतो. त्या वेळी हात आणि चेहरा लांब ठेवा. दाबाखालचं डिझेल कातडी फोडून आत शिरतं. तांब्याचे चार वॉशर माझ्या खणात तेव्हापासून कायम असतात.

डिसेंबरात सकाळी सेल्फ फिरतो पण इंजिन पकडत नाही, तेव्हा हीटर प्लग बघा. सेल्फच मंद असेल तर नवी बॅटरी घेण्याआधी टर्मिनल आणि अर्थची वायर घासून साफ करा. उभ्या गाडीत बॅटरी 12.6 व्होल्टच्या आसपास हवी आणि इंजिन चालू असताना साधारण 14. काळा धूर म्हणजे बहुतेकदा एअर फिल्टर तुंबलाय किंवा नोझल खराब, निळा म्हणजे ऑईल जळतंय. गाडी गरम झाली तर रेडिएटरचं झाकण लगेच उघडू नका. मी एका क्लीनरचा भाजलेला हात पाहिला आहे.

ब्रेकबाबत मात्र मी कुणाचंच ऐकत नाही. डिझेल वाचवायला उतारावर इंजिन बंद करणारे ड्रायव्हर अजून भेटतात. इंजिन बंद म्हणजे ब्रेकच्या बूस्टरला, म्हणजे पायाचा जोर वाढवणाऱ्या भागाला, चालवणारा व्हॅक्यूम पंप बंद. एकदोनदा दाबलं की पॅडल दगडासारखं होतं, आणि मागे भरलेली गाडी असते. बूस्टर तपासायचा तर इंजिन बंद ठेवून पॅडल चारपाच वेळा दाबा, मग दाबून धरूनच चालू करा. पॅडल किंचित खाली गेलं पाहिजे.

सिमरोल मागे पडलं की, घाट लागण्याआधी मी आजही गाडी बाजूला घेतो. इंजिन चालू ठेवून पॅडल अर्धा मिनिट दाबून धरतो. ते हळूहळू खाली सरकत राहिलं, म्हणजे ब्रेकचा दाब कुठेतरी सुटतोय, तर मी घाट उतरत नाही. दुसरी गाडी मागवतो.