सोल्डर आणि बीड यांची तुलना करताना या चुका टाळा

वागळे इस्टेट आणि रबाळ्याच्या कारखान्यांत नव्याने रुजू झालेले तरुण अभियंते तक्त्यातून हमखास एकच आकडा उचलतात, तो म्हणजे ताणबल, धातू खेचल्यावर तुटण्याआधी पेलतो तो कमाल ताण. कथील-शिसे सोल्डरचे, म्हणजे वितळवून धातूचे तुकडे जोडण्याच्या मऊ मिश्रधातूचे, ताणबल साधारण ४० ते ५० मेगापास्कल आणि करड्या बिडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे, बहुधा १५० ते ३००, तेव्हा सांध्याचे क्षेत्रफळ त्या पटीत वाढवले की काम भागेल, असा हिशेब मांडला जातो. या हिशेबात तापमानही नाही आणि काळही नाही. ६३ टक्के कथील आणि ३७ टक्के शिशाचे सोल्डर १८३ अंश सेल्सिअसला, म्हणजे ४५६ केल्विनला वितळते. त्यामुळे केल्विनमध्ये मोजले तर ३० अंशांच्या हवेत ते वितळणबिंदूच्या ६६ टक्क्यांवर असते, तर साधारण ११५० अंशांना वितळू लागणारे बीड जेमतेम २१ टक्क्यांवर असते. म्हणूनच सोल्डर नुसत्या टांगलेल्या वजनानेही हळूहळू ताणत जाते, यालाच क्रीप म्हणतात. बिडात त्या तापमानाला ही काळजी नसते.

रबाळ्यातील एका कारखान्यात गरम पाण्याच्या पंपाच्या बिडाच्या केसिंगला गेलेला तडा ठेकेदाराने घासून सोल्डरने भरून दिला होता. दाबचाचणी बिनबोभाट पार पडली आणि काही आठवड्यांत त्याच रेषेतून पाणी ठिबकू लागले. मी पाहिले तेव्हा सोल्डरची पट्टी बाहेर फुगून आली होती आणि नख लावताच तिचा तुकडा सुटला. त्याच्या खालच्या अंगाला काळी ग्राफाइटची पूड चिकटलेली होती. बिडातील ग्राफाइटच्या पापुद्र्यांना सोल्डर धरत नाही, शिवाय तापल्यावर ते बिडाच्या दुपटीहून अधिक प्रसरण पावते. काही मिनिटांच्या चाचणीतून यातले काहीच कळत नाही, तरी घाईत असलेल्यांना तीच चाचणी पुरेशी वाटते, याचे मला मनापासून वाईट वाटते. अशा तड्याच्या दोन्ही टोकांना मी आधी भोके पाडतो, म्हणजे तो पुढे सरकत नाही, आणि मग मेटल स्टिचिंग, म्हणजे न तापवता तड्यावर धातूच्या पट्ट्या व स्क्रू बसवून तो शिवणे, करून घेतो. वेल्डिंग करायचेच झाले तर निकेलची रॉड वापरावी, आणि तापवलेले बीड चुन्यात पुरून अगदी सावकाश निवू द्यावे. या निवण्याला जो वेळ लागतो, तो कमी करण्याचा कोणताही मार्ग मला मान्य नाही.

करडे बीड दाबाखाली ताणाच्या तीन ते चार पट भार पेलते, हे विसरून दोन्ही धातूंची ताणातच तुलना करू नये.

ब्रिनेल कठीणता, म्हणजे धातूवर गोळी दाबून उमटलेल्या ठशावरून काढलेली कठीणता, मोजताना भार (किलोग्रॅममध्ये) आणि गोळीच्या व्यासाचा (मिलिमीटरमध्ये) वर्ग यांचे गुणोत्तर सामान्य करड्या बिडासाठी ३० आणि शिसे-कथिलासाठी १ ठेवतात. एकाच भाराने दोन्ही मोजल्यास सोल्डरवरचा ठसा निरुपयोगी ठरतो.

सोल्डर खेचण्याचा वेग कमी केला की त्याच्या ताकदीचा आकडाही घसरतो, म्हणून चाचणीचा वेग आणि तापमान लिहिलेले नसेल तर पुरवठादाराचा तक्ता मी परत पाठवतो.