शुक्रवारी मिलवॉकीत असाल तर

शिकागोला कामाला आलेली ओळखीतली मंडळी दीड तास गाडी हाकत आमच्याकडे मिलवॉकीला येतात आणि विचारतात, "रात्री बघण्यासारखं काय आहे?" मी उलट विचारते, "शुक्रवारी आहात ना?" असाल तर बाकी सगळं राहू द्या, फिश फ्रायला, म्हणजे तळलेल्या माशांच्या जेवणाला चला.

मी मालवणची. बांगड्यात तिरफळं कमी पडली तरी आमच्याकडे चर्चा होते. त्यामुळे इथला पहिला मासा, न हळद न तिखट, पिठात बुडवून तळलेला जाडजूड कॉड, मी निव्वळ भुकेपोटी खाल्ला. माझी चूक अशी की मी कॉड मागवला. तुम्ही पर्च मागवा. छोटे, पातळ तुकडे, चवीला गोडसर, वर लिंबू पिळलं की झालं. सोबत राय ब्रेड, कोबीचं कोलस्लॉ आणि बटाटा. फ्राइज घेऊ नका, त्या कुठेही मिळतात. पोटॅटो पॅनकेक मागा. आपल्या बटाट्याच्या थालीपिठाचा चुलतभाऊ, पण तो सफरचंदाच्या गोड सॉसबरोबर खातात. पहिला घास विचित्र लागेल, तिसऱ्याला सवय होते. शाकाहारी असाल तर तो मासे तळलेल्याच तेलात तळतात का, ते आधी विचारून घ्या.

शुक्रवारच का? इथे जर्मन आणि पोलिश कॅथलिक मोठ्या संख्येनं येऊन वसले. त्यांच्यात शुक्रवारी मांस वर्ज्य असायचं, म्हणून मासे. आपण श्रावणात मासे सोडतो, हे उपवासाला मासे खातात! पुढे १९२० ते १९३३च्या दारूबंदीत बारवाल्यांनी माशांवर दिवस काढले, असं इथले जुने लोक सांगतात.

पाचलाच पोहोचा. सहानंतर गेलात तर तासभर ताटकळावं लागतं. दारात नाव लिहून द्या आणि बारवर जाऊन बसा. हे ताटकळणंही कार्यक्रमातच धरलेलं असतं. तिथे मागायचं ते ब्रँडी ओल्ड फॅशन्ड नावाचं कॉकटेल. बाकी अमेरिकेत ते व्हिस्कीचं करतात, आमच्या विस्कॉन्सिन राज्यात ब्रँडीचं. साखरेचा खडा, बिटर्सचे (कडू अर्काचे) थेंब, संत्र्याची फोड आणि चेरी ग्लासातच दांड्यानं चेचतात. मग बर्फ, ब्रँडी आणि वर सोडा. हा वरचा सोडा कोणता हवा, म्हणून बारवाली विचारते, "स्वीट, सावर की प्रेस?" पहिल्यांदा मी नुसतीच मान हलवली होती. स्वीट म्हणजे लिंबाच्या चवीचं गोड पेय, सावर म्हणजे आंबटसर, प्रेस म्हणजे अर्धं गोड आणि अर्धा साधा सोडा. मी प्रेस घेते. ओळखपत्र जवळ ठेवा, पिकले केस बघून कुणी सोडत नाही. पोरं बरोबर असली तरी बिचकू नका. इथल्या बारमध्ये शुक्रवारी आजीपासून नातवापर्यंत सगळं घर येऊन बसतं.

गाणंबजावणं हवं असेल तर नदीकाठच्या लेकफ्रंट ब्रूअरीत जा. तिथे शुक्रवारी माशांबरोबर पोल्का नाच असतो, अकॉर्डियनसकट. पावलं येत नाहीत म्हणून बसून राहू नका. लेझीम येत असेल तर ठेका पकडायला वेळ लागत नाही. माझा नवरा शाळेत लेझमीत पहिल्या रांगेत असायचा, तो इथे अनोळखी आजीबाईंबरोबर नाचला.

जेवणानंतर गोड म्हणून लिऑन्समधलं फ्रोझन कस्टर्ड. १९४२चं दुकान, निऑनचे दिवे, उभ्या उभ्या खायचं. आइसक्रीमपेक्षा घट्ट, आणि त्यात अंड्याचा बलक असतो. अंडं न खाणाऱ्यांना हे आधीच सांगा, नंतर सांगितलं तर भांडणं होतात (अनुभव आहे). बटर पेकन घ्या.

आणि अजून दम असेल तर वोल्स्कीज. १९०८चा बार, गल्लीत लपलेला. शुक्रवारच्या मध्यरात्रीनंतर अडीचला बार बंद होतात. तोपर्यंत तिथे टिकलात तर 'आय क्लोज्ड वोल्स्कीज' असं लिहिलेलं स्टिकर हातात पडतं. परतायला गाडी मागवा, स्वतः चालवू नका. हिवाळ्यात गाडी येईपर्यंत आतच थांबा, मिशिगन तळ्यावरचा वारा कानाचे तुकडे पाडतो.

आमचं स्टिकर मालवणच्या फ्रीजवर आहे. भाच्यानं आईला त्याचा अर्थ सांगितला, तर तिचा फोन आला, "अगो, चांगला चाललेला दुकान बंद कशाक पाडलास?"