गडद निळी भिंत करताय? या चुका टाळा

गणपती तोंडावर आले की कोल्हापुरात घरोघरी रंगाचे डबे उघडतात. क्रीम किंवा पांढऱ्या रंगाला ती घाई चालून जाते, गडद निळा मात्र भिंतीचं सगळं दुखणं बाहेर काढतो.

आमचंच सांगते. जुन्या दगड-मातीच्या घरात हॉलची एक भिंत आम्ही भर श्रावणात निळी करून घेतली. दिसायला फार सुंदर. दिवाळीची साफसफाई काढली तेव्हा खालची दीडेक फूट भिंत राखाडी पडलेली. बोट फिरवलं तर मिठासारखी पूड हाताला आली. लोणा लागला होता. अशी भिंत जमिनीतलं पाणी वर ओढते, पाणी सुकतं आणि त्यातले क्षार पृष्ठभागावर राहतात. पांढऱ्या भिंतीवर हे महिनोन् महिने कळत नाही.

म्हणून रंगाआधी हातभर प्लास्टिकचा कागद चारही कडांनी चिकटपट्टी लावून भिंतीवर बसवा आणि एक दिवस-रात्र तसाच ठेवा. आतल्या बाजूला पाणी धरलं तर रंगकाम थांबवा, आधी ओल कुठून येते ते शोधा. वरून वॉटरप्रूफ थर दिला तरी जमिनीतली ओल थांबत नाही, ती त्या थराच्या वर चढते. ज्या घरांत २०१९ किंवा २०२१ च्या महापुराचं पाणी शिरलं होतं, त्यांनी ही तपासणी चुकवूच नये. नवा गिलावा असेल तर किमान २८ दिवस जाऊ द्या. माझं ऐकाल तर हे काम फेब्रुवारी ते एप्रिलमध्येच काढा.

पुट्टीचं काम डोळ्यांनी पाहून पास करू नका. रात्री दिवे घालवा आणि टॉर्च भिंतीला टेकवून आडवा धरा. पुट्टी ओढायच्या पत्र्याच्या रेघा, खळगे, सगळं सावली टाकून दिसेल. तिथे पेन्सिलने खूण करा आणि पॉलिश पेपर पुन्हा मारून घ्या. चकाकीचा रंग घेतलात तर हे दोष आणखी उठतात. मॅट घेतलात तर दोष झाकतात, पण हात घासला की पांढुरके ओरखडे उमटतात. मुलांच्या खोलीत मी मॅट घेणार नाही.

रंगाच्या दोन हातांत, म्हणजे दोन थरांत, काम होईल असं धरून चालू नका. गडद शेडच्या बेसमध्ये, म्हणजे ज्यात रंगछटा मिसळतात त्या मूळ रंगात, पांढरं रंगद्रव्य फार कमी असतं, त्यामुळे तो खालचा रंग पटकन झाकत नाही. पांढऱ्याऐवजी करड्या छटेचा प्रायमर मारा आणि तिसऱ्या हाताचा रंग आधीच आणून ठेवा. सगळे डबे एका बादलीत एकत्र ढवळून घ्या, कारण दोन डब्यांतला किंचित फरकही निळ्यात उठून दिसतो. भिंत अर्ध्यावर सोडून जेवायला जायचं नाही, सुकलेल्या कडेवर ओला रोलर फिरला की पट्टा पडलाच. पुढे डाग पडला तर तेवढंच ठिगळ लावू नका, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत पूर्ण भिंत घ्या.

शेड दुकानातल्या कार्डावरून ठरवू नका. पिवळ्या बल्बखाली तोच निळा काळपट दिसतो, पांढऱ्या ट्यूबखाली थंडगार. दोन फुटी पुठ्ठा रंगवून घरात सकाळ-संध्याकाळ लावून बघा. आमच्याकडे दुसऱ्या खेपेला असा पुठ्ठा चार दिवस फिरला, आणि शेवटी खिडकीसमोरची भिंत ठरली. आता तिथे आजीची पितळी समई ठेवलीय.